नेपतीला लाल टॅग

१२ जानेवारी, सोम.

माझ्या नेपतीला लाल टॅग लावला. सकाळच्या बसने उतरले, कँटीनचं मागचं दार उघडलं, तर जनरेटरशेजारच्या मुरुमाच्या उंचवट्यावर ती नेहमीसारखी उभी, आणि कमरेला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेला लाल पुठ्ठा. वस्तू: वाळलेलं काटेरी झुडूप. नग: एक. उपयोग: नाही. मालक: माहीत नाही.

मालक माहीत नाही म्हणे. चार पावसाळे झाले, माझ्या हाताने लावलीय.

कंपनीत नवं खूळ आलंय, फाइव्ह एस. जे वापरात नाही ते हलवा. मोडक्या खुर्च्या, गंजलेल्या ट्रॉल्या, सगळ्यांना लाल टॅग. मालकाने उपयोग सिद्ध केला तर टॅग निघतो, नाही तर वस्तू स्क्रॅप यार्डात. मागच्या आठवड्यात आमचं इडलीचं गळकं भांडं गेलं, मी हूं की चूं केलं नाही. पण भांडं वेगळं आणि जितं झाड वेगळं. दिवसभर आमटीत मीठ पडलं की नाही तेसुद्धा आठवेना. दोनदा पडलं होतं.

१३ जाने., मंगळ.

तन्मयला गाठलं. फाइव्ह एस त्याच्याकडे आहे. नवा इंजिनिअर. मुलगा वाईट नाही, ताटात काही टाकत नाही, म्हणून मी त्याला केव्हाच पास केलेलं. म्हणाला, मॅडम, त्याला पानं कुठं आहेत? म्हटलं, पानं नसतातच. कोवळ्या फुटव्याला बारीक येतात, गळून जातात. पुढे हिरवी काडीच पानाचं काम करते. नखाने खरवडून दाखवली. आत हिरवीगार. त्याने वाकून नीट पाहिलं, चुकलं म्हणाला, आणि मग खरी बातमी दिली.

स्टोअरची शेड वाढतेय. मार्चअखेरपर्यंत कँटीनमागची सगळी जागा सपाट करून पेव्हर ब्लॉक. टॅग असो नसो, नेपती रेघेत येते.

कुंडीत हलवू या, म्हणाला. याला कोण सांगणार. कोवळा फुटवा असेल तर हलवता येतो, बसलेली नेपती नाही. वर माझ्या खांद्याला लागते, खाली मुरूम फोडून किती गेलीय ते तिलाच ठाऊक. मूळ तुटलं की संपलं. आणि हिला अजून एकही फुटवा नाही, की तोडून दुसरीकडे लावीन.

१४ जाने., बुध.

कँटीनला तीळगूळ वाटला. मी कोणाशीही गोड बोलले नाही.

संध्याकाळी थेरगावला घरी पोचल्यावर दादाला फोन. जय भीम झालं, तब्येती झाल्या, मग सांगितलं. तर म्हणतो, "सुरे, एका झुडपापायी कशाला जीव टाकतीस? हितं आख्खा बांध गेला, आमी काय केलं?"

तेच तर. काय केलं?

आमचा ओढ्याकाठचा बांध म्हणजे नेपतीचं रान होतं. कर्जतकडची खडकाळ जमीन, पाऊस आला तर आला. बाकी सगळं होरपळायचं आणि ऐन उन्हात ही विटकरी फुलांनी भरायची. आईचं लोणचं तिचं, अप्पांच्या कुदळीचा दांडा तिचा. दादाने जमीन सोलरवाल्यांना भाड्याने दिली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या खडकात पिकत तरी काय होतं. पण जेसीबीने बांध मुळासकट काढला तेव्हा त्याने मला एक फोन करायला हवा होता. त्याच्या आदल्या वर्षी मी सहज, काही कारण नसताना, एक फुटवा पिशवीत घालून इथं आणला होता. घरी गॅलरीत ऊन नाही म्हणून कंपनीत लावला. आज आमच्या बांधाचं एवढंच उरलंय, महाळुंग्यात, जनरेटरच्या धुराकडे तोंड करून.

हे दादाला बोलले. तो म्हणाला, तुझं आपलं कायतरीच. मी फोन ठेवला. नंतर रडले. रागाचंच रडू, पण रडले.

१६ जाने., शुक्र.

टॅगच्या मागे उपयोग लिहायला दोन ओळी. दोन ओळीत काय डोंबल मावणार. पाठपोट लिहिलं, मग कडेने उभं लिहिलं.

कच्च्या फळाचं लोणचं. पिकलं की लाल होतं, पोरं आणि पाखरं खातात. लाकडाला वाळवी लागत नाही, म्हणून कुदळीचे दांडे, खुरप्याच्या मुठी. दात ठणकला की कोवळी काडी चावायची (आई द्यायची. ठणका जायचा की काडीच्या कडूपणापुढे दात विसरायचा, सांगता येत नाही). खोकल्याला सालीचा काढा, हाही आईचाच. शेरडांना सावली. मुरूम धरून ठेवते. पाणी मागत नाही, खत मागत नाही, माळी मागत नाही.

मालक: सुरेखा, कँटीन.

तन्मयने सगळं वाचलं, कडेचं मान वाकडी करून वाचलं. म्हणाला, दांडे आणि शेरडं कंपनीच्या कामाची नाहीत. लोणचं चालेल, कँटीन कंपनीचंच आहे. पण फळ कुठंय?

फळ अजून कधी धरलंच नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, दाखवते. तो म्हणाला, ३१ मार्चच्या आत दाखवा, मी साहेबांकडे घेऊन जातो.

बोलून तर बसले.

२९ जाने., गुरु.

रोज सकाळी पातेल्यांना हात लावायच्या आधी मागे जाऊन येते. काही नाही. नुसत्या काड्या. पोळ्यांच्या बायका विचारतात, काय म्हणतेय सूनबाई? म्हटलं, तोंड उघडत नाही अजून.

६ फेब्रु., शुक्र.

काहीतरी बिनसलंय. शेंडे पिवळे. बुडाशी माती मऊ, बोट आत जातं. जिला पाण्याची सावली नको तिच्या बुडाशी चिखल. मी घालत नाही, मग घालतंय कोण? बायकांना दरडावलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. ड्रेनेजची पाइप फुटली म्हणावं तर ती पार तिकडे.

९ फेब्रु., सोम.

सापडला चोर. चोर कसला, गायकवाड काका. मेंटेनन्सचे जुने इलेक्ट्रिशियन, देवमाणूस. आज मी मागच्या दारात दबा धरून उभी, तर हे बादली घेऊन आले, नेपतीच्या बुडाशी पूर्ण रिती केली, खिशातून पेन काढून कागदावर टिक केली.

म्हटलं, काका, हे काय करताय? म्हणाले, "अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकतोय की. हप्त्याला टाकायलाच लागतंय."

झालं असं की पंधरा दिवसांपूर्वी मी बुडाभोवती आळं करून शेगडीतला कोळसा आणि राख पसरली, मुंग्या नकोत म्हणून. कोळसा घातलेला गोल खड्डा, शेजारी जनरेटर. काकांना वाटलं नवं अर्थिंग केलंय आणि आपल्या यादीत टाकायचं राहिलंय. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात आणि तो ओला ठेवतात, हे मला आज कळलं. मिठाचं विचारलं. म्हणाले, घातलं की, दोन किलो. मधली जाड काडी त्यांनी काय समजली, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मिठाची मला चिंता नाही, खारवट जमीन तिला चालते. पाण्याने मारलं. काकांना इतकं वाईट वाटलं की तिथेच उकिडवे बसले. मी मात्र आधी ओरडले आणि मग मला असं हसू फुटलं की भिंतीला धरून उभी राहिले.

१० फेब्रु., मंगळ.

काका स्वतः कुदळ घेऊन आले. उताराकडून चर काढला, पाणी निघून जायला. खणताना वरची दोन बारीक मुळं तुटली. माझ्या छातीत चर्र झालं. तुटल्या टोकांवर मीच माती लोटली, माणूस आधीच अर्धा झालेला. खालची ओली माती काढून विटांचे तुकडे आणि कोरडा मुरूम भरला. आता ऊन काय करेल ते करेल.

१७ फेब्रु., मंगळ.

स्टोअरचा फोर्कलिफ्टवाला भंवरलाल आज चहाचा पेला घेऊन मागच्या बाजूला आला आणि जागच्या जागी थांबला. नागौरकडचा आहे, चाकणला येऊन बरीच वर्षं झाली. नेपतीच्या काडीवरून बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, ये तो कैर है. हमारे घर के पीछे पूरा जंगल है इसका. इधर कौन लाया?"

मी लाया, म्हटलं.

चहा गार झाला त्याचा. त्यांच्याकडे लग्नात याची भाजी, वाळवून वर्षभर ठेवतात, दुष्काळात हाच आधार, असं बरंच बोलला. मी पाण्याची रामकहाणी सांगितली. म्हणाला, "इसको पानी मत दो, गाली दो. गाली खाके फलता है." गंमत म्हणजे ज्या शेडसाठी नेपती जाणार, ती त्याच्याच फोर्कलिफ्टला वळायला जागा हवी म्हणून वाढतेय. हे कळल्यावर त्याने शेडच्या कोपऱ्याकडे वळून पाहिलं. जाताना म्हणाला, मी वळवीन कसाही.

शेंडे अजून पिवळेच. पण नवे पिवळे झालेले नाहीत.

२४ फेब्रु., मंगळ.

शिव्या देऊन पाहिल्या. आजूबाजूला कोणी नाही बघून. दादाच्या वाट्याच्या दोन-चार तिला दिल्या. बरं वाटलं.

२ मार्च, सोम.

कळ्या!

आधी वाटलं किडे बसलेत. चष्मा लावून बघितलं. काट्यांच्या बगलेत बारीक बारीक, विटकरी टोकाच्या. एका काडीवर, मग दुसऱ्या, मग सगळीकडेच. मी कँटीनमध्ये ओरडत गेले. बायका लाटणी घेऊन बाहेर. गायकवाड काकांना फोन केला, ते जिना उतरून धावत आले. या वयात धावले. आळ्याजवळ वाकून कळ्या बघितल्या आणि डोळे पुसले.

आजच्या जेवणात सगळ्यांना शिरा. कारण कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

९ मार्च, सोम.

फुलली. आज पूर्ण फुलली. पान एक नाही आणि नखशिखांत लाल. जनरेटरचा धूर, पलीकडच्या कंपनीचा पत्रा, स्क्रॅपचे ढीग, आणि मध्ये ही. मधमाश्या कुठून आल्या कोण जाणे, महाळुंग्यात मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. पहिल्या शिफ्टची मुलं सेल्फी काढायला रांगेत. ज्यांनी चार वर्षं तिच्या काट्यांना हातरुमाल वाळत घातले तेच आता विचारतात, मॅडम, नर्सरीत मिळतं का? गाढवांनो.

तन्मयही आला. खूप वेळ बघितलं, फोटो काढला. म्हणाला, सुंदर आहे मॅडम, पण फूल म्हणजे उपयोग नव्हे. म्हटलं, मला कळतं. त्याचा राग येत नाही. नियम मोडत नाही आणि नियमाच्या आड लपतही नाही.

दादाला फोटो पाठवला. निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही.

१९ मार्च, गुरु. पाडवा.

सुट्टी. पण मन तिकडेच. फुलं गळताना पाहून आलेय काल. मागे देठाला टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं दिसलं की मला तसं वाटलं? यांना विचारलं, कंपनीत सोडता का गाडीवरून, नुसतं बघून येऊ. हे म्हणाले, सणासुदीचं झाडाला भेटायला जाणारी तू पहिलीच. सोडलं मात्र. गेटवर वॉचमनने हसून आत घेतलं.

मला वाटलं नव्हतं. खरंच धरलीत. वाटाण्यापेक्षा लहान. घोसाघोसाने.

२८ मार्च, शनि.

तोडली. परडीभर. भंवरलाल म्हणत होता आणखी दोन दिवस थांबा, पण दोन दिवसांनी पेव्हरवाल्यांचं मशीन येतंय. बोटांना काटे, मनगटाला ओरखडे. हात हिरवे झालेत आणि वास तो, तोच. बांधाचा. साबणाने धुवावेसे वाटेनात.

तन्मयला परडी नेऊन दाखवली. हे घे फळ, ३१ च्या आत. तो खरोखर खूश झाला. आणि मी काही बोलायच्या आत एक तोंडात टाकून चावला.

चेहरा बघण्यासारखा. थुंकायला खिडकी शोधत होता. पाणी प्यायला, परत प्यायला, खाकरला. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, मॅडम, हे मी खाण्यायोग्य म्हणून लिहू शकत नाही.

हातातोंडाशी आलेलं असं गेलं. कडू असतातच कच्च्या, म्हणून तर मुरवायच्या. त्याला दहा-बारा दिवस लागतात. माझ्याकडे होते तीन.

३० मार्च, सोम.

आज साहेबांसमोर उभी राहिले. प्लँट हेड. बारा वर्षांत मी त्यांच्याशी चहात साखर किती याखेरीज बोललेले नाही. तन्मयने प्रामाणिकपणे सगळं सांगितलं, कडूचंही. साहेब म्हणाले, मग प्रश्न मिटला.

म्हटलं, "साहेब, आपण भट्टीतून आलेलं कच्चं कास्टिंग मशीनवर जायच्या आधी फायनल तपासणीला घेतो का? मग कच्ची नेपती का तपासली? तिचं अजून अर्धं काम व्हायचंय."

तन्मय जमिनीकडे बघून हसत होता. साहेबांनी मला विचारलं, काम किती दिवसांचं? म्हटलं, पंधरा. ते तन्मयला म्हणाले, "डिव्हिएशन टाक. पंधरा एप्रिलपर्यंत. त्या दिवशी मी जेवायला खाली येतो."

डिव्हिएशन म्हणजे एखादा पार्ट ड्रॉइंगबरहुकूम नसला तरी वरची सही घेऊन थोड्या मुदतीपुरता चालवायचा. पार्टांना मिळतं ते माझ्या नेपतीला मिळालं. बाहेर आले आणि जिन्यात बसले. मग उठून स्वतःच्या हाताने स्वतःला एक कटिंग चहा केला, जास्त साखरेचा.

पेव्हरवाले दुसऱ्या टोकापासून सुरू करणार.

१ एप्रिल, बुध.

भंवरलालशी भांडण. मी म्हणते मिठाचं पाणी, रोज बदलायचं, वर कडक ऊन. तो म्हणतो आंबट ताक, त्याशिवाय कडूपणा जातच नाही. म्हटलं, आमची आई काय वेडी होती? म्हणाला, मॅडम, आमची पण नव्हती. शेवटी परडीचे दोन वाटे. एक बरणी त्याच्या रीतीची, एक माझ्या. दोन्ही माझ्याच घरी, थेरगावच्या गच्चीत.

७ एप्रिल, मंगळ.

यांनी नाकाला रुमाल बांधलाय. ताकाच्या बरणीचा वास जिन्यापर्यंत जातो. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, गटार तुंबलंय का. मी म्हटलं, बघते. माझ्या बरणीतल्या हिरव्याच्या पिवळट झाल्यात. चाखली. कडू. पण कालच्यापेक्षा कमी कडू.

१० एप्रिल, शुक्र.

गेला कडूपणा! दोन्हीतला. दाताखाली टच्च फुटते, आधी आंबट, मग किंचित तिखटसर, आणि अगदी शेवटी कडूची नुसती आठवण. यांना दिली. रुमाल सोडून खाल्ली, मग बरणीकडे हात गेला. हातावर चापटी दिली.

रात्री मोहरीची डाळ, हिंग, हळद, तिखट, गार केलेलं तेल. आई तेल गार झालं का ते करंगळीने बघायची. मीही तसंच बघितलं आणि खूप एकटं वाटलं, आणि खूप छानही.

१५ एप्रिल, बुध.

सगळं लिहून ठेवते, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

कालच्या जयंतीची सुट्टी संपवून सगळे ताजेतवाने. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळी. काउंटरवर दोन बरण्या. मी पाटी लावली: ताटाला दोन, मागून मिळणार नाही. भंवरलाल त्याच्या बरणीमागे, मी माझ्या. गायकवाड काका रांग लावायला.

साहेब आले, रांगेत उभे राहिले. दोन्हीतली एकेक घेतली. खिडकीजवळ बसले. मी भात वाढत होते पण डोळा तिकडे. पहिली खाल्ली. थांबले. दुसरी खाल्ली. मग ताट घेऊन परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे. अख्खं कँटीन बघत होतं. माझ्यासमोर आले तेव्हा मी पाटीकडे बोट दाखवलं. म्हणाले, वाचली. तरी वाढा.

वाढली. काय करता, साहेब आहेत.

जेवण झाल्यावर मागे गेले, बरोबर तन्मय आणि शेडचा नकाशा. किती वेळ बोलत होते. भंवरलालला बोलावलं. एवढा कोपरा तिरका घेतला तर फोर्कलिफ्ट वळेल का, असं विचारलं. तो म्हणाला, "साहब, आँख बंद करके." साहेबांनी पेनने नकाशावर नेपतीभोवती गोल काढला आणि बाजूला सही केली. पेव्हर गोलाच्या बाहेर.

तन्मयने पक्कड मागवली, पट्टी तोडली, लाल टॅग काढला. त्या जागी हिरवा बांधला, उपयोगात. पक्कड माझ्या हातात द्यायला हवी होती असं वाटलं, पण जाऊ दे, त्यालाही हौस होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, माझे हात तोंडावर होते.

जिंकले. मी जिंकले. अप्पा, आई, तुमचा बांध जिंकला.

ता.क. ताकाची बरणी आधी संपली. लिहायला जड जातंय.

१ मे, शुक्र. बुद्धपौर्णिमा.

कंपनीला सुट्टी. गावी आलेय, दोघंही. विहारात वंदना झाली, खीर झाली. दुपारी दादाच्या ताटात न सांगता नेपती वाढली. लहानशी डबी राखून ठेवलेली. त्याने ओळखली. खाल्ली. बी चोखत बसला.

मग म्हणाला, "आईच्यापरीस मीठ जास्त झालंय."

म्हटलं, असेल.

संध्याकाळी मला घेऊन गेला जुन्या बांधाकडे. कुंपण, आत काळ्या काचा ओळीने. कुंपणाच्या बाहेर ओढ्याकडेला एक पट्टा शिल्लक आहे आपला, खडकाळ, कोणाच्या कामाचा नाही. तिथे उभा राहून म्हणाला, त्या दिवशी जेसीबीवाल्याला एक तरी ठेव म्हणून सांगायचं मनात होतं, जीभ उचलली नाही. फोटो आला तेव्हा बघत बसलो म्हणाला, उत्तर काय द्यावं कळेना. मी त्याचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदा.

"तिची एखादी काडी मिळंल का गं?"

२६ मे, मंगळ.

काकांनी चर खणताना जी मुळं तुटली होती, तिथूनच दोन फुटवे वर आलेत. कोवळे, टवटवीत. मुळाला घाव बसला की नेपती फुटते म्हणतात, आज बघितलं. काकांना दाखवलं. आता ते हे सगळं मुद्दाम केल्यासारखं सांगत फिरतील.

दादाला कळवलं. म्हणाला, मी येतो न्यायला. कंपनीत तो कधीच आला नव्हता.

१३ जून, शनि.

दादा आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, हातात ओलं पोतं. नेपतीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग तिच्या काडीला हात लावला. काटा टोचला तरी हात काढला नाही. फुटवा काढायचं काम त्यानेच केलं, भोवतीच्या मातीच्या ढेकळासकट, हलक्या हाताने. दुसरा तसाच राहू दिला. मी म्हटलं, ने की दोन्ही. म्हणाला, "हितं बी राहू दे. हितलीबी आता सवय झालीय तिला."

गेटवर घोडं अडलं. कंपनीतून टाचणी जरी बाहेर न्यायची तरी गेटपास. परत येणारी वस्तू एक रंगाचा, परत न येणारी दुसऱ्या रंगाचा. वॉचमनने पोतं उघडून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, कुठला फाडू?"

मी म्हणणार होते, परत न येणारा. दादाच पुढे झाला.

"परत येणारा लिवा. झाड नाय येणार, लोणचं यील."

वॉचमनने विचारलं, तारीख?

दादा म्हणाला, ते तिला इच्यारा. त्याने पोत्याकडे मान केली. जगली तर चार-पाच वर्सं लागतील, त्याच्या आधी तिला घाई करता येत न्हाय.

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने तारखेची जागा मोकळी ठेवून पास फाडला. शिक्रापूरवरून जाणाऱ्या एसटीत दादा खिडकीशी बसला, पोतं मांडीवर, पास शर्टाच्या खिशात. बस हलली तेव्हा मला पोतंच दिसत होतं.